हाताने लावलेली वेळ

काळेकाका गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. आम्ही दोघंही सिंगापुरात, ते राहायचे चोआ चू कांगला, मी कामाला नोव्हेनाला, मध्ये एमआरटी मेट्रोचा पाऊण तास; पण फोन आला तो काकूंचा, पुण्याहून. "मिलिंद, हे लिफ्टपाशी पडले. शेजारणीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पण... तू जाशील का रे? मला पोचायला उद्या होईल." मी लॅबमधून तसाच निघालो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, गेल्या वर्षभरात मी काकांकडे एकदाच गेलो होतो. तेही दिवाळीचा फराळ द्यायला, आणि घाईत असल्यामुळे दारातूनच परतलो होतो. आता महिना होत आला, तरी ते दार डोळ्यांपुढून जात नाही.

पोस्टडॉक म्हणून सिंगापूरला आलो तेव्हा मी त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहायला गेलो आणि चार वर्षं राहिलो. काकू आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. घरात आम्ही दोघंच. काका हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात खलाशांची कागदपत्रं बघायचे, पण ती त्यांची दुसरी नोकरी. आधीची वीस वर्षं ते बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. भर समुद्रात रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर टाइम सिग्नल पकडायचा आणि त्यावरून बोटीचं मुख्य घड्याळ तपासायचं, हे त्यांचं काम. "कप्तान माझी वाट बघत असायचा. मी वेळ आणून द्यायचो," असं ते दूध आणून दिल्यासारखं सांगायचे. पुढे उपग्रह आले, बोटीवरचं ते पदच गेलं आणि काका जमिनीवर आले.

मी राहायला गेल्यावर लगेचच ते ऑफिसच्या कामाने टोकियोला गेले आणि येताना एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. जपानमधल्या एका केंद्रावरून रेडिओने वेळ पाठवतात, ती पकडून हे आपले काटे आपणच लावून घेतं. सेल घातला की काटे गरगर फिरून बारावर येऊन थांबतात आणि सिग्नलची वाट बघतात. नाहीच आला, तर थोड्या वेळाने तिथूनच मुकाट चालू लागतात. सिग्नल सिंगापूरपर्यंत सहसा पोचत नाही, हे दुकानदाराने सांगितलंही होतं. पण हौसेला मोल नसतं. मागच्या बाजूच्या बटणाने ते हाताने लावता यायचं, ते मात्र काकांना मंजूर नव्हतं. "हाताने लावलेली वेळ म्हणजे ऐकीव बातमी," ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरातलं सगळ्यात महागडं घड्याळ कायम चुकीची वेळ दाखवायचं.

सूर्य मावळला की या लहरी लांब जातात, म्हणून रोज रात्री आठला जेवण उरकून काका खिडकीशी बसत. जपान पडलं ईशान्येला. त्या कोपऱ्यात काकूंनी देव मांडले होते. काकांनी देव उचलून फ्रिजवर ठेवले आणि तिथे घड्याळ ठेवलं. काकूंना फोनवर हे कळल्यावर दोन दिवस अबोला होता. एकदा तर काकांनी घड्याळ कपडे वाळत घालायच्या बांबूला बांधून खिडकीबाहेर धरलं. खाली कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून खालच्या मजल्यावरची चिनी आजीबाई धावत वर आली. "अंकल, कॅनॉट लाह! लेटर ड्रॉप ऑन पीपल, हाऊ?" काकांनी तिला चहा पाजला आणि घड्याळ आत घेतलं.

या बैठकीला मी लागायचोच. "मिलिंद, ये रे, दोघं असलो की बरं." घड्याळ जरा वळवायचं, सेल काढून पुन्हा घालायचा आणि गप्प बसायचं. मधूनच ते अदनचं बंदर, वादळातली एखादी रात्र, असं काहीबाही सांगायचे... सुरुवातीला मला मजा वाटली. वर्षभराने मात्र आठ वाजत आले की कपाळावर आठी पडू लागली. शेवटी एका संध्याकाळी ते यायच्या आत मी मागचं बटण दाबून घड्याळ बरोबर लावलं आणि ते आल्यावर म्हटलं, "काका, सिग्नल आला."

काका पायातले मोजे न काढता घड्याळासमोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आला म्हणायचा. छान झालं." देव पुन्हा ईशान्येला गेले, घड्याळ भिंतीवर गेलं आणि बैठका बंद झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. एका म्हाताऱ्याला आनंद दिला याचं थोडं कौतुकही.

तेरावं झाल्यावर काकूंनी आवराआवर काढली. ते घड्याळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे तू ने." त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "काकांनी याच्यावर एकदा सिग्नल पकडला होता, काकू."

काकू शर्टाची घडी घालत राहिल्या. "जपानहून आलेली वेळ जपानचीच असणार ना रे? सिंगापूरपेक्षा तासभर पुढे. हे तर इथली वेळ दाखवत होतं. त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाले मला, मिलिंदने हाताने लावलंय. कंटाळलाय बिचारा, आता त्याला बसवायला नको."

घड्याळ आता माझ्याकडे आहे. मी त्याचा सेल काढलेला नाही; काढला तर काटे पुन्हा बारावर जाऊन सिग्नलची वाट बघत थांबतील. लाज वाटते. काकांना सिग्नल नाही, सोबत हवी होती, आणि मला ती जड होतेय हे कळल्यावर त्यांनी तीही मागायची सोडली. त्यानंतर मी आणखी तीन वर्षं त्या घरात होतो. रोज आठ ते नऊ या वेळात काका काय करायचे, ते मला सांगता येणार नाही. मी पलीकडच्या खोलीत दार लावून बसलेला असायचो.