वांझ ओळ

भाताची लोंबी तळहातावर झटकायची, हात उन्हात धरायचा आणि म्हणायचं, “धूळ नाय. नर मेलेला.” आमच्या शेजारच्या वहिनींची ही सवय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कळंब गावाच्या अलीकडे त्यांच्या खाचरात संकरित भाताचं बियाणं घेऊ लागले. मादी ओळींच्या फुलांतले पराग जन्मतःच निकामी. शेजारच्या नर ओळींतल्या दुसऱ्या वाणाचे पराग त्यांच्यावर पडून जो दाणा भरतो, तेच संकरित बियाणं. सकाळी दहाच्या सुमारास दोन बायांनी दोरीची दोन टोकं धरून नर ओळी हलवायच्या. मादी ओळीत परागाची धूळ सोडणारं झाड घुसलं, तर ते लगेच उपटायचं. नाहीतर सगळं बियाणं भेसळीचं. ते झाड वहिनींइतकं लवकर कुणालाच दिसत नसे. बियाण्याच्या कामावर देखरेख करणारे साहेबही त्यांना विचारूनच पुढं जात.

गाव मात्र मादी ओळीला ‘वांझ ओळ’ म्हणायचं. वहिनींना मूल नव्हतं. त्या दोरी घेऊन निघाल्या की नाक्यावरून हाळी यायची, “वांझेला वांझ बरी कळते!” मग हशा. त्या हशाची मला अजून शिसारी येते. तुम्हीही तो ऐकला असेल. कदाचित त्यात हसलाही असाल.

वहिनी एकदाच थांबून म्हणाल्या, “दाना तर हिलाच भरतो. निकामी हाय तो हिच्यातला नर. मंग नाव बाईचं का?”

त्याच हंगामात सासूनं दुसरी सून पाहायला घेतली. साहेब बांधावर असतानाच वहिनींनी नवऱ्याला विचारलं, “माझी तपासनी दोनदा झाली, दोष नाय निघाला. तुमी कदी जाता डाक्तरकडे?”

त्याच्या आधी शेजारी उभी असलेली सासू कडाडली, “पुरुषाला कसली तपासनी? आमच्या घरान्यात नाय असला दोष!”

“भातात नराचा हा दोष आईकडून उतरतो, आत्या. सायेबच शिकवतात. इचारा त्यांना.”

भाताचं हे वंध्यत्व साहेब प्रत्येक शिबिरात तासभर रंगवून सांगत. आता ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “घरचं घरी बघा हो. दोरी धरा, दहा वाजले.”

वहिनींनी दोरी बांधावर ठेवली. पाय धुतले, घरातून कपड्यांची पिशवी घेतली आणि वसईच्या एसटीत बसल्या.

तिसऱ्या दिवशी साहेब आमच्या दारात. “त्या बाई कुठं गेल्या?”

मला वाटलं, माणसाला लाज वाटली असेल. मी म्हणालो, “माहेरी. घरात सवत आणतायत.”

“अहो, पण ऐन फुलोऱ्यात?” ते वैतागले. “आता भेसळ कोण काढणार?”

वहिनी परत आल्या नाहीत. गावात त्यांची चौकशी झाली ती एवढीच.