वहिनीने झाकलेली गल्ली

माझी वहिनी नगरपालिकेत रेघा मारते. हे मी नाही, माझा भाऊ म्हणतो आणि दरवेळी बोलणी खातो. तिचं काम नकाशांचं आहे. संगणकाच्या पडद्यावर फिरवता येणारी पृथ्वी असते, तिला तिच्या ऑफिसात सगळे 'गोळा' म्हणतात. गोळ्यावर आकाशातून काढलेले फोटो असतात आणि त्यांच्यावर वहिनी शहराच्या रेघा अंथरते: रस्ते, गल्ल्या, जिने, नळाचे पाइप. फोटो फार जवळ आणला की पुसट होतो, रेघ मात्र कितीही जवळ आणा, लख्खच राहते. वहिनीही तशीच काटेकोर. भाजी चिरताना तिच्या सगळ्या फोडी सारख्या, मग जेवायला उशीर झाला तरी चालेल.

रेघा फार झाल्या की गोळा अडतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलेल्या पडद्यांवर तर तो मधेच गोठायचा आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या थेट साहेबांपर्यंत पोचायच्या. साहेबांनी फर्मान काढलं, "हलका करा." वहिनीने केला. छोट्या गल्ल्या लांबून दिसायच्या नाहीत, अगदी जवळ गेल्यावरच उमटायच्या, असं तिने ठरवून दिलं. गोळा भिंगरीसारखा फिरायला लागला. साहेबांनी कसं केलं ते न विचारताच सगळ्यांदेखत पाठ थोपटली, बाईसाहेब गाणं गुणगुणत घरी आल्या. धावत्या गाडीत पडदा तेवढा जवळ आणायला कुणाला सवड आहे, हा विचार तिला शिवलाही नाही.

मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचं घर अशाच एका गल्लीत. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांना पडद्यावर तिथे नुसती छपरं दिसली, म्हणून ते मोठा वळसा घालून मागच्या रस्त्याने गेले. आजोबा वाचले, पण पोचायला उशीर झाला आणि त्यांचा उजवा हात गेला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा उजवा हात!

बातमी ऐकताच वहिनीने गोळा उघडून ती जागा पाहिली, तिथे लांबून गल्ली दिसतच नव्हती. कुणाशी न बोलता तिने ती गल्ली आणि तिच्यासारख्या सगळ्या गल्ल्या लांबूनही दिसतील अशा करून टाकल्या. पुन्हा कुणाचं असं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं, असं ती म्हणते. मी तिची नणंद आहे, तिची बाजू घ्यायची मला सवय नाही, तरी हे मला खरं वाटतं.

चौकशी बसली. काका म्हणाले, "साहेब, गल्ली पडद्यावर नव्हतीच." साहेबांनी गोळा उघडला. गल्ली ठसठशीत दिसत होती. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनी तिथेच खुर्चीत बसली होती. आता बोलू, आता बोलू म्हणता म्हणता तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. काका तिच्याकडे वळले.

"ताई, ही तेव्हा होती का हो?"

वहिनी म्हणाली, "तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या, काका."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. नेहमी एकाला दोन शब्द ऐकवणारी बाई गप्प बसली की जास्तच भीती वाटते.

काकांना गाडीवरून उतरवून औषधांच्या गोदामात बसवलं. वहिनीची भूकच मेली. भावाला वाटलं पित्त झालंय, तो तिला रोज नवं चूर्ण आणून द्यायचा आणि ती निमूट गिळायची. मग ऑफिसात कळलं, काका त्या आजोबांच्या घरी गेले होते. माझे डोळे अधू झालेत, माझ्यामुळे तुमचा हात गेला, अशी माफी मागून आले. त्या दिवशी वहिनी उठली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं बोलली. साहेब म्हणाले, "मिटलेलं प्रकरण कशाला उकरताय? त्यांनी स्वतःच कबूल केलंय ना?"

ती घरी आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर फाटकातूनच परत येईन मी."

काका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. नाकावर नवा कोरा चष्मा. "या या, ताई, बसा!" वहिनी बसली नाही. खोक्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून तिने गोळा उघडला आणि त्यावर रेघांचा जुना थर चढवला.

"काका, त्या दिवशी तुमच्या गाडीत हे दिसत होतं."

काकांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. "गल्ली कुठाय?"

"नाहीये. मी झाकली होती. चौकशीच्या आधी परत दिसती केली आणि तिथे गप्प बसले. तुमचे डोळे चांगले आहेत, काका. चूक माझी आहे."

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. तिथे रडायचा हक्क असलाच तर काकांचा होता.

काकांनी विचारलं, "साहेबांसमोर बोलाल हे?"

"बोलले. ते ऐकत नाहीत. उद्या लेखी देते, सगळ्यांसमोर हेच उघडून दाखवते. नोकरी गेली तर गेली. त्या आजोबांकडेही मीच जाते."

काकांनी मान हलवली. आवाज चढवला नाही, त्यांनी चढवला असता तर बरं झालं असतं.

"डोळ्यांचा डॉक्टर म्हणत होता, तुम्हाला चष्म्याची गरजच नाही," ते म्हणाले. "मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, नीट तपासा, आमच्या नकाशावाल्या ताई उगीच नाही बोलायच्या."