कापड किती, शिलाई किती

राहुरीतल्या आमच्या दुकानात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवर दराची पाटी रंगवून घेतलीय. शर्ट, पँट, सफारी आणि सगळ्यात खाली, कृषी विद्यापीठातल्या पोरापोरींसाठी, एप्रन. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आप्पा मान वर न करता विचारतात, "कापड तुमचं, शिलाई माझी. यातलं कमी काय करू ते तुमीच सांगा."

मी मागं बटणं लावत बसायचो. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याचा आवाज काढायचो. साखर कारखान्यातला एक टाइमकीपर नाकातून बोलायचा, स्टँडवरचा कंट्रोलर दर वाक्याआधी घसा खाकरायचा. आप्पा हसायचे न्हाईत. मशीनवरचा पाय तेवढा थांबायचा. त्यावरून मला कळायचं की जमलंय. पुढं गॅदरिंगमध्ये हेडमास्तरांचा आवाज हेडमास्तरांसमोरच काढला, आणि आता लग्नाच्या वरातीआधी लोक मला माइक देतात. एकदा ऐकलेला आवाज माझ्या घशात राहतो, एवढीच माझी इस्टेट.

आप्पांना रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा नगरचे डॉक्टर म्हणाले, हा सावकाश चालणारा आहे, रोज गोळी घेतली तर माणूस काम करत म्हातारा होतो. ती गोळी बऱ्याच कंपन्या बनवायच्या. डबीवर छापलेली किंमत वाचून आईनं तोंडाला पदर लावला. आमचा मेडिकलवाला म्हणाला, "काकू, छापलेलं वाचू नका. आपल्याला लई कमीत पडंल."

"मग छापलं कशाला?" आप्पांनी विचारलं.

"छापायला लागतं, मास्तर."

"कुणाला लागतं?"

मेडिकलवाला उगाच मागच्या फळीवर काहीतरी शोधायला वळला. नगरच्या दवाखान्याखालच्या दुकानात मात्र तीच डबी छापलेल्या किमतीलाच मिळायची. तिथं आप्पांना मास्तर म्हणणारं कुणी नव्हतं.

काही वर्षं बरी गेली. मग ती गोळी चालेनाशी झाली आणि डॉक्टरांनी नवी लिहून दिली. नवी एकच कंपनी बनवायची. दुसऱ्यांना अजून परवानगी नाही, असं मेडिकलवाला म्हणाला, आणि ह्या डबीला 'आपल्याला कमीत' असलं काही नव्हतं. एका महिन्याच्या डबीच्या पैशात जुनी मोटरसायकल आली असती. पण कंपनीची योजना होती. सुरुवातीच्या डब्या विकत घ्यायच्या, मग वर्षाच्या उरलेल्या डब्या फुकट. आप्पांनी कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन विकलं. सुरुवातीच्या डब्या आल्या.

योजनेची एक मुलगी फोन करायची. "नमस्कार, आपल्या आरोग्याच्या प्रवासात आम्ही आपल्यासोबत आहोत." मी घरात तिच्यासारखाच बोलायचो. आईला भाजी वाढायला सांगतानाही. "नमस्कार, आपल्या वांग्याच्या प्रवासात." आई म्हणायची, "मेल्या, ती बिचारी तुझ्या बापाला गोळ्या देतीय." तीच मुलगी दर वेळी सांगायची, रिकाम्या स्ट्रिप जपून ठेवा, त्या परत केल्यावरच फुकटची डबी मिळते. मी आप्पांना सांगायचो. आप्पा म्हणायचे, "ठेवतोय की."

आणि खरंच ठेवत होते. द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी बटणांचा डबा माझ्यासमोर उघडला. आत सगळे तुकडेच.

आमच्याकडं गोळी अशीच खातात. मेडिकलवाला कात्रीनं कापून दोन देतो, चार देतो, अख्खी स्ट्रिप कोण घेतं. त्यात ही गोळी न्याहारीनंतर दोन-अडीच तासांनी, रिकाम्या पोटी घ्यायची, म्हणून आप्पा ती दुकानात गेल्यावर घ्यायचे. रोज सकाळी कात्रीनं एक घर कापायचं, शर्टाच्या खिशात टाकायचं. खिशाला टोचू नये म्हणून चारी कोपरे गोल करायचे. शिंप्याचा हात, एक कोपरा टोकदार राहिला नव्हता.

मी योजनेच्या मुलीला फोन लावला.

"सर, स्ट्रिप अखंड लागते."

"तुकडे सगळे आहेत, मॅडम. एकही टाकलेला नाही."

"बॅच नंबर पूर्ण दिसला पाहिजे, सर. नाहीतर पुढची डबी रिलीज होत नाही."

तिची चूक नव्हती. पण घरात थोड्याच गोळ्या राहिल्या होत्या, विकायला दुसरं मशीन म्हणजे आप्पा बसतात तेच, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की खाडा पडला तर आजार ह्याही गोळीला जुमानणार नाही.

आप्पांनी दुपारी शटर अर्धं ओढलं. कॉलरमध्ये घालतात ते कडक बकरम काढलं, स्ट्रिपच्या मापाच्या पट्ट्या कापल्या. मग तुकडे जुळवायला बसले. चेक्सच्या शर्टाचा खिसा लावताना खालची रेघ वरच्या रेघेला मिळवतात ना, तसं. इंग्रजी आप्पांना वाचता येत नाही. ह्या तुकड्यावर अर्धं राहिलेलं अक्षर त्या तुकड्यावर पुरं होतंय का, एवढंच बघत होते. मी मध्ये एकदा कंट्रोलरसारखा खाकरलो. पाय थांबायला मशीन चालूच नव्हतं. आप्पा हातानं धावदोरा घालत होते, छापलेल्या आकड्यांना सुई लागू नये म्हणून अगदी कडेकडेनं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं नगरला गेलो. योजनेच्या ऑफिसात माझ्याच वयाचा एक जण होता, गळ्यात ओळखपत्र. त्यानं पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि उलटसुलट करून बघितल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," आप्पा म्हणाले. "टेलर हाय."

त्यानं फोटो काढले, कुणाला तरी पाठवले, म्हणाला बसा. बसलो. आप्पा गप्प बसणारे न्हाईत.

"साहेब, एक विचारू का? ह्या डबीच्या किमतीत कापड किती आन शिलाई किती?"

"म्हणजे?"

"म्हंजी मालाचं किती आन मजुरीचं किती?"

"काका, औषध शोधायलाच लई खर्च येतो."

"येत असंल. फुकट द्या कुठं म्हणतोय. किती येतो?"

"ते वरचे ठरवतात," तो म्हणाला, आणि त्याचा फोन वाजला. वरून हो आलं होतं. ह्या वेळेपुरतं.

मग त्यानं मार्करनं प्रत्येक पट्टीवर फुली मारली आणि ड्रॉवरमधून कागद कापायची कात्री काढली.

"आता हे काय?" मी विचारलं.

"स्ट्रिप कापून टाकायच्या असतात. कुणी परत भरून विकू नये म्हणून. नियम आहे."

मला हसू आलं. त्याच्या कात्रीनं बकरम तुटेना. तो दोन्ही हातांनी दाबत होता. आप्पांनी थोडा वेळ बघितलं, मग पिशवीतून स्वतःची कात्री काढली. "द्या इकडं." आणि कालच्या आपल्याच धावदोऱ्यावरून सगळ्या पट्ट्या सरळ कापून दिल्या.

परत येताना डबी आप्पांच्या मांडीवर होती. 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं, आणि किमतीवर काळी शाई. विळदच्या घाटात गाडी वळणं घेत होती आणि आप्पा डबी खिडकीकडं तिरकी धरून शाईखालचा आकडा वाचायला बघत होते.

"फुकट देत्यात म्हंजी त्यांना परवडत असंल."

"व्हय."

"आन वरीस सरलं की पुन्हा पैल्यापासून इकत."

"व्हय, आप्पा."

जरा वेळानं म्हणाले, "काढ आवाज."

आजवर त्यांनी मला कधी असं सांगितलं नव्हतं.

"कुणाचा?"

"कंपनीचा. मी इचारतो, कापड किती, शिलाई किती. तू सांग."

"नमस्कार, आपल्या आरोग्याच्या प्रवासात..."

"ती न्हाई. ती पगारी पोरगी हाय."

मी ऑफिसातल्या पोराचा काढला. "ते वरचे ठरवतात, काका."

"त्यो बी न्हाई. वरचा काढ."

मी घसा साफ केला. नाकातून काढून बघितलं, खालच्या पट्टीत काढून बघितलं. ज्याचा आवाज कधी कानावर पडलाच नाही, तो आणायचा कुठून? शेजारचा प्रवासी माझ्याकडं बघायला लागला. आप्पा डबी धरून माझ्या तोंडाकडं बघत होते, खरंच उत्तर येईल असं.

विद्यापीठाच्या स्टॉपवर गाडी थांबली. पोरी चढल्या, एकीच्या हातावर एप्रन होता. आप्पांनी त्याची खालची दुमड बघितली, मग डबी पिशवीत घातली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आपलाच हाय तो एप्रन. त्याचं इचार, मी सांगतो."