चेअरमनसाहेबांना चहा येतो

त्या दुष्काळात आमच्या गावातला सगळ्यात परावलंबी माणूस कोण निघाला, तर दूध सोसायटीचे चेअरमन. हे मी मापून सांगते. मापायचं काम माझ्याकडेच होतं. गावात कॉलेज पुरं केलेली पहिली पोरगी मीच, आणि हे मी आजही चारचौघांत सांगते.

टँकर मांजरसुंब्याकडून यायचा आणि वेशीत उभा राहायचा. तिथल्या रेटारेटीत माझी चुलती पडली. मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा सोसायटीने ठरवलं, ज्यांना स्वतःचं स्वतः जमत नाही त्यांच्या दारात पाण्याचा ड्रम भरून द्यायचा. कुणाला जमत नाही हे ठरवायला शहरातून छापील प्रश्न आले. अंघोळ, कपडे, जेवण, चहा, अंथरूण. स्वतः करत असाल तर एक मार्क. शाळेच्या उलटं, जितके मार्क कमी, तितकं पाणी जवळ. मला चुलतीच्या दारात ड्रम हवा होता, बस.

चेअरमनसाहेब बाजेवर मांडी घालून बसले. "ताई, खरं तेच लिवा."

"अंघोळीचं पाणी कोण काढतं?"

"मालकीण."

"कपडे?"

"तीच काढून ठेवती. टावेल बी तीच देती."

"चहा?"

"आमच्या खानदानात गड्यानं चूल फुकलेली न्हाई!"

मिशीवर हात फिरवत शून्य मार्क मिळवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढे घरोघर तेच. चालत्या गाडीत उडी मारून बसणारे धडधाकट गडी, पण जेवलेलं ताट उचलणारा एक सापडेना.

मग चुलतीकडे गेले.

"काकू, अंघोळ कोण घालतं?"

"कोण घालील? माझी मीच करते."

"दिसत नाही ना तुला?"

"अगं, माझं अंग कुठं हाय ते ठाव हाय मला."

"भाकरी?"

"मीच."

मी आवाज खाली आणला. "काकू, एखाद्याला तरी नाही म्हण."

"कावून? कॉलेजात खोटं लिवायला शिकलीस व्हय?"

पैकीच्या पैकी.

निकाल सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचायचा होता. इलेक्शन तोंडावर, त्यामुळे सगळं गाव हजर. मी खणखणीत वाचलं, "पुढील गृहस्थांना स्वतःचं काहीही करता येत नाही," आणि पहिलं नाव चेअरमनसाहेबांचं घेतलं. बायकांचे पदर तोंडाला गेले. त्यांच्या मालकीणबाईच म्हणाल्या, "खरं हाय. लई हाल हायेत त्यांचे."

मागून एक गडी ओरडला, "कपभर चहा जमत न्हाई, अन् सोसायटी कशी चालवतो बे?"

चेअरमन ताडकन उठले. "मला चहा येतो!"

"मग करा की!"

तिथल्याच स्टोव्हवर त्यांनी चहा केला. पातेलं कोणतं घ्यायचं, ते बायकोला विचारून. साखर दोनदा टाकली. आणि दूध सोसायटीचे चेअरमन चहात दूध टाकायला विसरले. लोकांनी तो काळा पाक गुमान प्यायला. मग बाकीचे एकेक उठायला लागले. "मला बी येतो." "मी बी धुतो कापडं." एवढी माणसं एका बैठकीत बरी करणं कुठल्या दवाखान्याला जमलं नसतं.

ड्रम सगळे शिल्लक राहिले. पण चुलतीचे मार्क तसेच, पैकीच्या पैकी.

छापील प्रश्नांत एक प्रश्न नव्हताच. प्रश्न काढणाऱ्यांच्या घरी नळ असावा. मी तो सगळ्यांदेखत विचारला. "काकू, टँकरवरून पाणी आणता येतं का?"

"यायचं. आता न्हाई येत. लोटून देतेत."

मी प्रश्न हाताने लिहिला, खाली उत्तर लिहिलं आणि चेअरमनांपुढे धरलं. त्यांच्या हातात अजून सांडशी होती. ती खाली ठेवून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ड्रम दारात आला. चुलतीने आत हात घालून पाणी कुठवर आहे ते चाचपलं.

"मला काय येत न्हाई म्हणून लिवलंस?"

"पाणी आणणं."

"तेवढंच ना?"

"तेवढंच."

"मग बस. चहा टाकते."