व्याकरणाची वही आणि गप्प पोर

एकोणनव्वद साली आम्हाला भाईंदर पूर्वेला येऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी तीन वर्षांची झाली, तरी घरात एक शब्द बोलत नव्हती. कान तपासले, ठीक होते. "बोलेल हो, घाई काय?" असं लोक म्हणायचे. मी मात्र रोज तिच्या तोंडाकडे बघत बसायचो.

आम्ही दोघंही नोकरीला. पोर दिवसभर वरच्या मजल्यावरच्या तमिळ आंटींकडे असायची. मला व्याकरणाचा नाद. बिल्डिंगमधल्या भाषांची मी एक वहीच केली होती. गुजरातीत मराठीसारखी तीन लिंगं, हिंदीत दोन. तमिळमध्ये टेबल-खुर्चीला बाई-पुरुष करायची भानगडच नाही. पण आपलं 'आपण' आणि 'आम्ही' तिथेही वेगळं, हिंदीत मात्र दोन्हीला 'हम'. आंटी त्यांच्या हिंदीत सांगायच्या, "बच्ची बहोत बोलता है!" 'बोलता' म्हणे! आम्ही नवरा-बायको जिन्यातच हसायचो. आमची समजूत घालतायत, असं वाटायचं.

घाबरलेला माणूस अक्कल फार पाजळतो. पोरीच्या डोक्यात चार व्याकरणांची खिचडी झालीय, असा निकाल मी वहीवरून देऊन टाकला. बायकोने बिनपगारी रजा घेतली. आंटींकडे जाणं बंद, घरात फक्त मराठी. महिन्याभरात पोर गुणगुणायचीसुद्धा थांबली. ही कायमची मुकी राहिली तर? मला जेवण जाईना.

एका रविवारी पाण्याचा टँकर आला. आम्ही दोघं बादल्या घेऊन धावलो, दार उघडंच राहिलं. परत येतो तर पोर घरात नाही. शेजारच्या विंगचं बांधकाम चालू होतं आणि तिथल्या टाकीला झाकण नव्हतं. मी आधी तिकडे पळालो. आत वाकून हाका मारल्या. ही ओ देणार तरी कशी, हे हाका मारतानाच लक्षात आलं.

"अहो, वर या!" बायको जिन्यातून ओरडली. धापा टाकत वर गेलो. आंटींच्या दारामागून बारीक आवाज येत होता, थांबतच नव्हता. अख्खी वाक्यं, प्रश्न, तक्रारी, मधेच हसणं, सगळं तमिळमध्ये. बायको भिंतीला टेकून रडत होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

मी दार ढकललं. लेकीने मला पाहिलं, आंटींचा पदर घट्ट धरला आणि ती गप्प झाली.