माहेरच्या नावाचे लेख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तरी मधेच थांबावंसं वाटतंय.

मुळशीतल्या एका खासगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी काम करतो. मूळचा बीडचा, राहतो पिरंगुटला. प्राध्यापकांची बढती असली की त्यांच्या लेखांचा हवाला जगभरात किती जणांनी दिला, ते मोजून अहवाल करायचं काम माझ्याकडे असतं. हवाले जास्त, म्हणजे त्या माणसाचं वजन जास्त. समिती आधी तो आकडा बघते, लेख नंतर — बघितले तर.

शबाना तांबोळी मॅडम तेव्हा आमच्याकडे होत्या. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ज्या आंतरराष्ट्रीय चाचण्या होतात, त्यांतल्या प्रश्नांवर त्यांचं संशोधन होतं. मुठा खोऱ्यातल्या शाळांत जाऊन त्या मुलांसोबत बसायच्या. बर्फावरच्या घसरगाडीचं गणित चुकलेल्या मुलीला त्यांनी तेच गणित बैलगाडी घालून दिलं, तर तिनं ते लगेच सोडवलं. मग तिला काय येत नव्हतं — गणित, की घसरगाडी? एवढ्याच प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं.

त्यांचे सुरुवातीचे, सगळ्यात चांगले लेख लग्नाआधीचे. म्हणजे मुलाणी या नावाचे.

विद्यापीठातल्या संशोधन केंद्राच्या प्रमुखाची जागा निघाली तेव्हा त्यांनी मला एक चिठ्ठी आणून दिली. माहेरच्या नावानंही शोधा, असं लिहिलेलं. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि — काय सांगू — विसरलो. अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी स्टेपलरच्या पिना शोधताना चिठ्ठी हाताला लागली.

मुलाणी नावानं शोधलं. कितीतरी देशांतल्या लोकांनी त्या लेखांचा हवाला दिला होता. मी अहवालात दाखवलेला आकडा त्यापुढे काहीच नव्हता.

समितीची बैठक अजून दोन दिवसांवर होती. दोन दिवस! एक पान बदलायचं होतं फक्त. मी संचालकांच्या केबिनपर्यंत गेलोही. पण महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या एका चुकीबद्दल बोलणी खाल्ली होती, आणि माझं कंत्राट त्याच आठवड्यात वाढायचं होतं. दाराबाहेर उभा राहिलो. आतून कुणीतरी हसलं. मी परत फिरलो.

इथपर्यंत त्याला विसराळूपणा म्हणता येईल, भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं मात्र तसं नाही.

बैठकीच्या सकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. हवाले मोजायची साइट फक्त ग्रंथालयातल्या आमच्या कॉम्प्युटरवर उघडायची, त्यामुळे त्यांना स्वतःला बघता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "सोनवणे, दोन्ही नावं घेतलीत ना?"

मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "हो मॅडम. घेतली."

कसं म्हणालो? अजून कळत नाही. आवाजसुद्धा हलला नाही.

जागा दुसऱ्याला गेली. हवाले कमी पडले, असं समितीनं मॅडमना कळवलं. मॅडम भांडल्या नाहीत. मला वाटत होतं, त्या अहवाल मागतील, पान उलटतील, नाव बघतील. तीन-चार दिवस त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी उठून कपाटांमागे जायचो. त्या आल्या, पुस्तकं परत केली आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "मला वाटत होतं, लोक वाचतायत."

तेव्हा तरी बोलायचं ना? चिठ्ठी खिशात होती माझ्या.

जूनमध्ये त्या नोकरी सोडून गेल्या. पौडजवळच्या एका शाळेत शिकवायला लागल्या. जाताना मुलांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रद्दीत द्यायला त्यांनी मलाच सांगितलं. मी माझ्या स्कूटरवरून दोन खेपांत ते पोचवले.

गेल्या महिन्यात पौडला नळाची तोटी घ्यायला एका दुकानात शिरलो. गल्ल्यावर त्यांचे मिस्टर होते. मला ते माहीत नव्हते, पण विद्यापीठाचं ओळखपत्र माझ्या गळ्यातच होतं. नाव वाचून त्यांनी हातातलं काम ठेवलं, आपण कोण ते सांगितलं. बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मॅडम बऱ्या आहेत, शाळेत रमल्यात, असं सांगितलं. मी विचारलं, लिहितात का अजून?

"न्हाई. त्यानंतर कायच लिवलं न्हाई तिनं." मग तोटी कागदात गुंडाळत म्हणाले, "तुमीच मोजलं हुतं न्हवं? बरं केलंत. न्हाईतर उगाच आशेवर बसली आसती. ती म्हनती, मानसानं खरं ते सांगितलं."

मी चहा संपवला. तोटी घेतली आणि निघालो.

माझं कंत्राट तेव्हा वाढलं, पुढे कायमही झालं. मुलाणी हे नाव मी दर सोमवारी साइटवर टाकून बघतो. हवाले वाढतच आहेत. या सोमवारीही दोन नवे दिसले, एक कुठल्या तरी दूरच्या देशातला. मॅडमना ते माहीत नाही.