डावरीची जोडीदार

लेखिकेच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तिचा परिचय असे, आणि त्यातलं एक वाक्य कधीच बदललं नाही : ‘फावल्या वेळात टेबल टेनिस खेळतात.’ वाचकांना त्याची गंमत वाटे. मिठावर, घाटरस्त्यांवर, दीपस्तंभांवर चारचारशे पानं लिहिणारी ही जाड चष्म्याची बाई हातात बॅट घेऊन इकडून तिकडे नाचते, हे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसे. पण ते खरं होतं. छप्पन्नाव्या वर्षीही ती दर गुरुवारी शहरातल्या क्लबात खेळायला जायची. कुणी विचारलं, “मॅडम, शिकलात कुठं?” तर म्हणायची, “गावाकडं, कागद गिरणीच्या हॉलमध्ये,” आणि घाईघाईनं विषय बदलायची.

ते गाव तिनं एकोणिसाव्या वर्षी सोडलं होतं. आईवडील पुढे तिच्याकडेच राहायला आले आणि शहरातच वारले. परत जायला निमित्त उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं ते शोधलंही नाही. मग पाचव्या पुस्तकासाठी कागद हा विषय ठरला. प्रकाशक म्हणाले, “तुमच्या गावाला गिरणी होती ना? तिथूनच सुरुवात करा की.” तिनं दोन वर्षं दुसऱ्याच गिरण्या पालथ्या घातल्या. शेवटी चुलतभावाचा फोन आला, “तुझी गिरणी पाडायला घेतायत, यायचं तर आत्ता ये.” तेव्हा कुठं तिनं बॅग भरली. वह्या घेतल्या, रेकॉर्डर घेतला, आणि अगदी निघताना बॅटही कोंबली.

चुलतभावाच्या घरी पहिल्याच सकाळी तिनं वहिनीला विचारलं, “निवड खात्यातल्या बायकांपैकी कोणी आहे का अजून?” निवड खातं म्हणजे कागदाचा एकेक ताव उजेडात धरून डाग, सुरकुती पाहायचं खातं. तिथं सगळ्या बायकाच होत्या.

“डावरीला भेटा ना,” वहिनी म्हणाली. “तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? हॉलमध्ये मुलींना शिकवत असते, रोज चारला.”

लेखिकेच्या हातातला कप हातातच राहिला.

डावरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी गिरणीत लागली. दुपारी पाळी सुटली की कपडेसुद्धा न बदलता हॉलमध्ये यायची आणि ही शाळेचं, पुढे कॉलेजचं दप्तर कोपऱ्यात टाकून टेबलापाशी उभी असायची. एक उजवी, एक डावरी. दुहेरीत दोघींनी आळीपाळीनं चेंडू मारायचा असतो, त्यामुळे जोडीदार एकमेकींच्या पायात येतात. या दोघी कधी आल्या नाहीत. चार वर्षं त्यांना आसपासच्या गावांत कुणी हरवलं नव्हतं. पाचव्या वर्षी मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी ठरली आणि तिच्या आठ दिवस आधी लेखिकेला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. “सामन्याला येते, शप्पथ,” असं सांगून ती गेली. आली मात्र नाही. ताप आल्याचं पत्र आलं.

ताप आला नव्हता. वसतिगृहातल्या मुली त्याच दिवशी दीपस्तंभ पाहायला निघाल्या होत्या. हिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ही त्यांच्याबरोबर गेली.

चार वाजता ती हॉलच्या दारात उभी राहिली. तीच उंच खिडक्यांची ओळ, टेबलं तेवढी नवी. पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई दोन मुलींवर ओरडत होती, “पाय हलवा गं, पाय! चेंडू काय घरपोच येणार आहे?” बोलता बोलता तिनं मान वळवली.

“बॅट आणलीस?” डावरीनं विचारलं.

“आणलीय.”

“मग उभी का? ये.”

त्या दोन मुलींविरुद्ध दोघी खेळायला उतरल्या. लेखिकेला तेव्हा दिसलं, की डावरीनं बॅट उजव्या हातात धरलीय. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. काही विचारायच्या आत सर्व्हिस आली आणि तिसऱ्याच फटक्याला दोघींचे खांदे धाडकन आपटले. पुन्हा तेच. एकदा तर लेखिकेचा चष्मा उडाला. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या आणि डावरी त्यांच्याहून जोरात हसत होती. दोघी सपशेल हरल्या.

नंतर पायरीवर चहा घेताना लेखिकेनं विचारलं, “बोटं…?”

“कागद कापायच्या कटरनं नेली. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी.” डावरीनं चहात फुंकर घातली. “मग उजव्यानं शिकले. सहा वर्षं लागली. मॅनेजर म्हणाला, शिवणकाम शिक. म्हटलं, तुम्हीच शिका.”

लेखिकेला राहवेना. “त्या वेळी मला ताप नव्हता.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तुझ्या आईनंच सांगितलं. समुद्र बघायला गेली म्हणाली. मी गिरणीच्या फाटकाशी शेवटच्या बसपर्यंत थांबले होते. आत हॉलमध्ये पंचांनी दोनदा नावं पुकारली. दोन वर्षं असा राग होता, भेटली असतीस तर बॅटच घातली असती डोक्यात. पण मनात यायचं, बघू दे. इथं कुठं समुद्र आहे?”

लेखिकेनं तोंड फिरवलं. सदतीस वर्षं जी गोष्ट तिनं जिवापाड लपवली होती, ती डावरीला पहिल्यापासून ठाऊक होती.

ती बारा दिवस राहिली. सकाळी पाडकाम चाललेल्या गिरणीत हिंडायची, टिपणं काढायची, दुपारी खेळायची. दहाव्या दिवशी हॉलमागच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या असल्याचं कळलं. ती पाहून आली. हवा छान होती, खिडकीशी टेबल मावलं असतं. डावरीला तिनं आनंदानं सांगितलं.

डावरीनं चेंडू बोटांत फिरवला. “घे हवी तर. पण महिन्याभरात कंटाळशील. तुला चार वाजता इथं यायचंय गं, बाकीचा दिवस कुठं घालवशील? आणि तुला जी डावरी हवीय, ती मलासुद्धा भेटत नाही.”

लेखिकेनं खोल्या घेतल्या नाहीत. निघताना मात्र त्या गल्लीतून मुद्दाम वळसा घालून गेली.

वर्षभरानं पुस्तक निघालं. महिन्यात डावरीचं पत्र आलं, आयुष्यातलं पहिलंच. ‘निवड खात्याचं प्रकरण चांगलं झालंय, पण एक चूक आहे. आम्ही डाव्या हातानं ताव उलटायचो असं लिहिलंस. बाकीच्या सगळ्या उजव्यानंच उलटायच्या. डाव्यानं फक्त मी.’

पत्र वाचताना लेखिकेच्या लक्षात आलं, लिहिताना डोळ्यांपुढे एकच हात होता. मग तिनं प्रकाशकांना फोन करून दुरुस्ती कळवली.

आता ती वर्षातून दोनदा आठवडाभर जाते. गिरणीच्या जागी मोकळं मैदान आहे, हॉल तेवढा राहिलाय. दोघी अजूनही एकमेकींवर आपटतात, थोड्या कमी. परतीची बस साडेचारची असते, आणि डावरी सोडायला येत नाही. मुली वाट पाहत असतात. बस हॉलवरून जाते तेव्हा लेखिका खिडकीची काच सरकवते. टेबलावर चेंडू पडल्याचा आवाज येतो, टप टप, आणि मग बस वळते.